उकळून द्या

ही गोष्ट तुम्ही कदाचित माझ्या तोंडून ऐकली असेल. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या मराठी मंडळात ऐकली असेल, ट्रॉयच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात ऐकली असेल, स्टेट कॉलेजला विद्यार्थ्यांनी बोलावलं होतं तिथे ऐकली असेल. तरीही मी म्हणते की ती मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही — कारण सांगते ती अर्धी. उरलेली अर्धी माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. सांगलीत माझ्या आईला नाही. मुलीला तर नाहीच.

भाषणाचा विषय ठरलेला असतो. बीफ आणि पर्यावरण. गुरांच्या पोटातून येणारा मिथेन, गुरांसाठी लावलेला मैलोन्‌मैल मका, त्या मक्याला लागणारं पाणी, तोडलेली जंगलं, आणि सगळ्याची घाण वाहत वाहत मिसिसिपी नदीतून थेट समुद्रात जाते ती. हे सगळं खरंच आहे, त्यात मी काही खोटं बोलत नाही. पण आकडे कोणाला लक्षात राहतात? म्हणून शेवटी मी एक बाळ आणते. आयोवातल्या एका घरातलं, विहिरीच्या पाण्यानं निळं पडलेलं बाळ. तिथे मी थांबते, समोरच्या ग्लासातला एक घोट घेते — हो, घोट घेते, बघा — आणि सभागृहात कोणीतरी नाक ओढतं. मग प्रश्नोत्तरं. मग बटाटेवडे. मग एखादी मावशी येऊन हात धरते आणि म्हणते, अगं काटा आला अंगावर, बरं झालं बाई आपण बीफ खात नाही.

बरं झालं, नाही का?

त्या बाळाच्या गोष्टीत एक माणूस मी कायम गाळते. तो माणूस म्हणजे मी.

थोडं मागं जाऊन सांगते, म्हणजे नीट कळेल. निदान तसं मी स्वतःला सांगते. खरं तर मागं जाणं हे पुढं न जाण्याचंच एक निमित्त असतं.

मी पाण्याची इंजिनिअर. आई चाळीत सगळ्यांना सांगायची, आमची वैशाली अमेरिकेत पाण्याचं काम करते, पाण्याचं म्हणजे पुण्याचंच. मी तिला कधी सुधारलं नाही. प्रत्यक्षात काम शेणाचं होतं. ज्या कन्सल्टिंग फर्ममध्ये मी होते तिचं निम्मं उत्पन्न फीडलॉटवाल्यांकडून यायचं. फीडलॉट न पाहिलेल्याला तो सांगणं अवघड आहे. आपल्या डोळ्यांसमोर गोठा म्हटलं की चार गुरं, दावण आणि कडबा येतो. इथे गवताची काडी नसते. उघडी तुडवलेली जमीन, लोखंडी कुंपणं आणि नजर पोचेल तिथवर जनावरं. कुरणातून आणलेली वासरं इथे मका खातात, काही महिन्यांत फुगतात आणि ट्रकमधून कत्तलखान्याला जातात. त्यांचं शेण, मूत, वरून पडलेलं पाऊसपाणी, सगळं उतारावरून एका मोठ्या तळ्यात. त्या तळ्याला लगून म्हणतात, समुद्रकाठच्या निळ्याशार तळ्याला म्हणतात तेच. शब्द ऐकून सुट्टीवर जावंसं वाटतं. वास आला की मग परत यावंसं वाटतं.

लगून भरलं की ते आसपासच्या मक्यावर फवारायचं आणि तो मका पुन्हा त्याच जनावरांना घालायचा. कागदावर सुंदर दिसतं. फक्त पिकाला झेपेल त्याहून ते कितीतरी जास्त असतं, आणि जास्तीचं कुठं जाणार? जमिनीत मुरतं. त्यातलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाला होतं — त्याच्या रक्तातून प्राणवायू वाहायचा थांबतो.

माझं काम ते मोजायचं. दर तीन महिन्यांनी नेपरव्हिलहून पहाटे निघायचं, मिसिसिपी ओलांडायची, आणि फीडलॉटभोवती जमिनीत उभे ठोकलेले मनगटाएवढे पाइप — त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात — त्यांतून पाणी काढून बाटल्या भरायच्या. बाटल्या बर्फात घालून लॅबला. आकडे आले की रिपोर्ट. रिपोर्ट मालकाला आणि सरकारी ऑफिसला. काहीही लपवलेलं नसायचं. सगळं नियमानं. पण शेजाऱ्याला जाऊन सांगा असं नियमात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

फर्म सुधीरकाकांची होती. तसे ते माझे कोणीच नव्हेत, पण इथे पहिल्या पिढीतले सगळेच काका. एकेकाळी खिशात फारसं काही नसताना इथे आलेला माणूस; मला व्हिसा त्यांनीच मिळवून दिला, ग्रीन कार्डाची फाइल त्यांनीच लावली, माझ्या नवऱ्याची, मंदारची नोकरी गेली तेव्हा महिनाभर घरी डबा त्यांच्याकडून येत होता. पक्के शाकाहारी. गणपतीला दहा दिवस कांदा-लसूण नाही. वाईट माणूस? मुळीच नाही. मी एकदा त्यांना विचारलं, "काका, हे आकडे बघून खाली राहणाऱ्या लोकांना कोणी सांगतं का?" ते चष्मा पुसत म्हणाले, "वैशाली, आपलं काम मोजणं. सांगणं हे दुसऱ्या कोणाचं तरी काम आहे. आणि आपण काही ते खात नाही ना? मग झालं तर."

हे वाक्य मी कितीदा वापरलं असेल, मोजदाद नाही.

आता मार्लीन. फीडलॉटच्या खालच्या अंगाला, उताराच्या शेवटी, तिचं पांढरं घर होतं. आमची शेवटची निरीक्षण विहीर तिच्या कुंपणाला चिकटून होती आणि तिथे जायला रस्ता तिच्याच अंगणातून. सत्तरीची विधवा. नवऱ्यानं हयातभर थोडीशी गुरं कुरणावर चारली, त्याच्यामागं जमीन फीडलॉटला विकली, घर आणि विहीर ठेवली. मुलगा काइल त्याच फीडलॉटमध्ये चाऱ्याचा ट्रक चालवायचा. सून ब्रुक गावातल्या दुकानात होती. सगळे एका घरात. आपल्याकडच्यासारखंच, मी मंदारला कौतुकानं सांगितलं होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मार्लीननं काही न विचारता आतून पाण्याचा ग्लास आणला. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी — हे मी आपलं समजत होते, आणि तिथे मक्याच्या रानात एक परकी बाई तेच करत होती. मी गटागटा प्यायले. गार, गोड पाणी होतं. खरंच गोड होतं.

मग लॅबचे आकडे आले. तिच्या कुंपणालगतच्या पाइपमधलं नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर. पाणी जमिनीखालून कुठल्या दिशेनं जातं याचा नकाशा मीच काढला होता. तो बाण सरळ तिच्या घराकडे जात होता.

पुढच्या खेपेला ती पुन्हा ग्लास घेऊन आली. काय करणार होते मी? तहान नाही म्हटलं असतं तर तिनं टेबलावर ठेवला असता, मी जाईपर्यंत तिथेच राहिला असता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आज माझा उपास आहे. धार्मिक. आम्ही पाणीसुद्धा पीत नाही."

निर्जळी! लग्नानंतर एक हरतालिका धड न केलेली मी. साधा मंगळवार होता तो. आणि मार्लीनचा चेहरा असा काही बदलला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिनं ग्लास मागं घेतला. स्वतःचाही खाली ठेवला. म्हणाली, "मग तुझं काम होईपर्यंत मीही नाही पीत, हनी." आणि खरंच पायरीवर तशीच बसून राहिली, त्या उन्हात. तिच्या चर्चमधल्या बायकांना तिनं माझ्याबद्दल सांगितलं. त्यानंतर दर खेपेला ती मलाच विचारायची, आजही उपास का? मी मान हलवायची. ती मायेनं बघायची. माझ्यासारखी श्रद्धाळू मुलगी तिनं पाहिली नव्हती म्हणे.

तुम्ही म्हणाल, हाच तो कबुलीजबाब. देवाचं नाव घेऊन खोटं बोललीस, स्वतः पाणी टाळलंस आणि त्यांना पिऊ दिलंस. हो, केलं. याची मला लाज वाटते. पण खरं सांगू? ही लाज मी एकदा मंदारला सांगितलीसुद्धा आहे, हसत हसत, उपासाचा किस्सा म्हणून. लोक हसतात त्याला. जे सांगता येतं ते काही आतलं नसतं.

आणि तेव्हा मी गप्प का होते, तर कारणं होतीच की. ढीगभर होती. क्लायंटची माहिती बाहेर सांगितली तर नोकरी जाणार. नोकरी गेली की व्हिसा जाणार, दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा; मंदारही तेव्हा माझ्याच व्हिसावर. काकांचे उपकार. काइलची नोकरी — त्याच्याच मालकाच्या लगूनबद्दल मी त्याच्याच आईला सांगायचं, म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मी ऑफिसात विचारलं, सरकारी माणसाला फोनवर आडून आडून विचारलं, त्यानं सांगितलं की खाजगी विहिरीची जबाबदारी विहीर ज्याची त्याची. सगळीकडे दारं नम्रपणे बंद होती. मला खरोखर काही करता येत नव्हतं असं मला वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं. इतकं मोठं ते सगळं — ती जनावरं, तो मका, ते ट्रक, राज्याराज्यांतली हॉटेलं, आणि त्यात मी एकटी, हातात बर्फाची पेटी घेऊन उभी. माणूस हतबल असतो हे काही खोटं नाही.

पण एक दिवस मी हतबल नव्हते. तेवढ्यापुरतं, एका मिनिटापुरतं, सगळं माझ्या हातात होतं. तिथंच येतेय मी.

वसंतात ब्रुकला मुलगा झाला. माझी उन्हाळ्याची खेप आली तेव्हा बाळ जेमतेम महिन्याचं असेल. मलाही तेव्हा दिवस गेले होते, घरात सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. वास सोसायचा नाही. शेवटच्या पाइपपाशी मी दोनदा कुंपणाला धरून ओकले. मार्लीन त्या दिवशी चर्चला गेली होती. मी बाटल्या भरून गाडीकडे निघाले तर ब्रुक दारात उभी. विशीबाविशीची पोर, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर टॉवेल. बाळ आत रडत होतं.

तिनं विचारलं, "तुम्ही पाणीवाल्या ना?"

मी हो म्हटलं.

मग ती घाईघाईनं सांगायला लागली. तिला दूध येत नव्हतं. बाळ पावडरच्या दुधावर होतं. तिच्या आईनं फोनवर सांगितलं होतं की विहिरीच्या पाण्याचं जरा बघ. काइल म्हणत होता, मी याच पाण्यावर वाढलो, काही होत नाही. दुकानातलं पाणी रोज परवडत नव्हतं. "मला कोणाला विचारावं कळत नाहीये," ती म्हणाली. "आमचं पाणी बाळासाठी ओके आहे ना?"

बघा, किती सोपं होतं. तिनं माझ्या तोंडात घास भरवल्यासारखा प्रश्न विचारला होता. मला क्लायंटचं नाव घ्यायची गरज नव्हती, आकडा सांगायची नव्हती, नकाशा दाखवायचा नव्हता. "बाळाला हे देऊ नकोस, बाटलीतलं दे" — एवढंच. कुठलीही बाई कुठल्याही बाईला सांगेल असं. कोणी मला नोकरीवरून काढलं नसतं. कोणाला कळलंही नसतं. आणि माझा एक हात खांद्यावरच्या पिशवीत होता, तिथे माझी स्वतःची पाण्याची बाटली होती, नेपरव्हिलहून भरून आणलेली. माझ्या पोटातल्या बाळासाठी.

मी म्हणाले, "उकळून द्या."

आता हे मी कसं समजावू? हे शब्द माझे नव्हते, किंवा फार माझे होते. माझ्या घरात पाण्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला हे एकच उत्तर होतं. नदीला पूर आला, उकळून घे. पाहुण्यांकडचं पाणी, उकळून घे. जुलाब, ताप, परीक्षा, प्रवास — उकळून घे. मी अमेरिकेला निघाले तेव्हा विमानतळावर आईचं शेवटचं वाक्य तेच होतं. आपण सगळे उकळलेल्या पाण्यावर वाढलो. माझ्या तोंडात ते उत्तर आधीपासून तयारच होतं आणि ते एखाद्या शहाण्या बाईसारखं, मोठ्या बहिणीसारखं बाहेर पडलं. वर मी आणखी म्हणाले, "चांगलं खळखळून. जरा जास्त वेळ ठेवा, म्हणजे काळजी नको."

उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, आणि नायट्रेट मागं तेवढंच राहतं — म्हणजे उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. जितकं जास्त उकळाल तितकं जास्त विष. हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं.

ब्रुकचा चेहरा एकदम सैल पडला. "थँक यू," ती म्हणाली, "ते मला जमेल."

मला कधी लक्षात आलं? इथे मी आजवर स्वतःशीसुद्धा चाचरत आलेय. मनात मी एक सोयीची आवृत्ती करून ठेवली होती की घरी पोचल्यावर लक्षात आलं, आणि तोवर उशीर झाला होता. खोटं आहे ते. मी अंगणातून गाडी मागं घेत होते तेव्हाच आलं. ब्रुक अजून दारात उभी होती. तिनं हात हलवला. मी हात हलवला. आणि मला कळलं की मी काय बोलले.

मी ब्रेक दाबला का? नाही. दोन्ही बाजूंनी मका होता, सरळ रस्ता होता, मी गाडी चालवत राहिले. पुढच्या पेट्रोल पंपावर थांबले. मार्लीनचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. येण्याआधी मी तिला नेहमी फोन करायची. फोन हातात घेतला. मग विचार केला — म्हणजे विचार कसला, भीती वाटली — की आता फोन करून "उकळू नका" म्हटलं तर ती विचारणार, का? आणि का सांगायचं म्हणजे पाण्यात काय आहे ते सांगायचं, आणि तुला कसं माहीत, कधीपासून माहीत, मग तू दर वेळी उपास... एक धागा ओढला की सगळंच उसवणार होतं. घरी जाऊन शांतपणे फोन करू म्हटलं. घरी मंदारनं मूगडाळीची खिचडी करून ठेवली होती, मला तेवढीच सोसायची. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी होती. बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले, दोघंही रडलो. त्या आठवड्यात करू म्हटलं. मग वाटलं, आता फोन करणं विचित्र दिसेल. मग वाटलं, काही झालं असतं तर कळलंच असतं.

फोन मी केला नाही. कधीच केला नाही. आळस नव्हता, विसर नव्हता. मला माझी अब्रू त्या पोराच्या श्वासापेक्षा जास्त वाटली, इतकंच.

यापुढचं तुम्ही भाषणात ऐकलंय. एका सकाळी बाळाचे ओठ राखाडी झाले, मग नखं, मग सगळं अंग निळसर. गावातल्या दवाखान्यातून हेलिकॉप्टरनं शहरात नेलं. बाळ वाचलं. हे मी भाषणात सांगते तेव्हा लोक सुस्कारा टाकतात. मी सांगत नाही ते असं की तिथल्या डॉक्टरनं ब्रुकला विचारलं, दुधाला पाणी कुठलं वापरलंत? ती अभिमानानं म्हणाली, उकळलेलं, वीस-वीस मिनिटं उकळलेलं. आणि मग डॉक्टरनं तिला समजावून सांगितलं की त्यानं काय झालं.

सांगा, त्या पोरीचं काय झालं असेल तेव्हा?

ब्रुक त्या घरात परत आली नाही. बाळाला घेऊन थेट आईकडे, दुसऱ्या राज्यात गेली. तिचं म्हणणं, या घरानं माझ्या लेकराला मारलं असतं. काइल नोकरी सोडून जाऊ शकला नाही, किंवा गेला नाही; काही काळानं ते कायमचे वेगळे झाले. फीडलॉटनं काहीही कबूल न करता मार्लीनच्या दारात पाण्याचे मोठे जार आणून ठेवायला सुरुवात केली. सरकारी ऑफिसनं पाहणी केली. लगूनचा एक कोपरा दुरुस्त झाला. पुढच्या वर्षी फीडलॉट आणखी वाढवला, त्याचंही मोजमाप आमच्याच फर्मकडे आलं.

मी नंतर ती नोकरी सोडली. ग्रीन कार्ड हातात आल्यावर — आधी नाही. आता एका उपनगराच्या पाणीखात्यात आहे. नागरिकत्व मिळून काही वर्षं झाली, आता मला कोणी कुठे पाठवू शकत नाही, काकाही निवृत्त होऊन मुलाकडे गेले. ज्या ज्या कारणांनी मी गप्प होते त्यातलं एकही उरलेलं नाही. आणि मी गप्पच आहे. म्हणजे ती कारणं नव्हतीच, नाही का? माझी मुलगी दहा वर्षांची झाली. शाळेत तिनं गुरं आणि हवामान यांवर प्रोजेक्ट केला आणि सगळ्या वर्गाला सांगून आली, "माय मॉम सेव्ड अ बेबी." भाषणातलं तिच्या डोक्यात असं बसलंय. मी तिला दुरुस्त केलं नाही. त्याच शनिवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं चीजबर्गर खाल्ला आणि घरी येऊन अपराधी चेहऱ्यानं मला सांगितलं. किती पटकन सांगितलं तिनं! मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, असू दे.

मार्लीन आता गावातल्या वृद्धाश्रमात आहे. नातवाला तिनं त्या सकाळनंतर पाहिलेलं नाही, फोटोत सोडून. ब्रुक तिचे फोन घेत नाही. का घेत नाही, ते सांगायचं अजून राहिलं, आणि तेच सर्वांत वाईट आहे.

ते मला पुढच्या खेपेला कळलं. मी पोट घेऊन उतरले, आता दिसायला लागलं होतं. मार्लीन पायरीवर बसली होती. घरात कोणाचाच आवाज नव्हता. तिनं मला शेजारी बसवून सगळं सांगितलं, हेलिकॉप्टर, डॉक्टर, ब्रुकचं जाणं. शेवटी माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली की उकळायचं कोणी सांगितलं, ते ब्रुकच्या लक्षात होतं, ती तुझं नाव सगळीकडे सांगणार होती, तुझ्या ऑफिसात तक्रार करणार होती. "मी तिला म्हटलं, ती नव्हे, मीच सांगितलं होतं तुला उकळायला. तू थकली होतीस, तुला नीट आठवत नाहीये. मी तिला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तिला पटलं." माझ्या पोटाकडे बघून ती म्हणाली, "परक्या देशात आलेली पोर तू, तूही आई होणार. तुला कोणी त्रास दिलेला मला चालणार नाही. तुमच्याकडे पाणी उकळतातच, मी वाचलंय. तू नुसत्या बाटल्या भरून नेतेस, तुला काय माहीत असणार इथल्या पाण्यात काय आहे ते? तू पापभीरू मुलगी. तुला माहीत असतं तर तू सांगितलंच असतंस."

मग ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. आज वाटतं, ती विचारत होती. डोळ्यांनी विचारत होती, आणि हो म्हणायला मला पुरेसा वेळ देत होती.

"नाही," मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं."